डिस्पाइज म्हणजे ‘न आवडणे’ नव्हे!

फळा_खडू: काल इथे कुणीतरी मुलांसाठी तक्ता टाकला: ‘रिस्पेक्ट म्हणजे आवडणे, डिस्पाइज म्हणजे न आवडणे’. डोकंच फिरलं. मला कारलं आवडत नाही, म्हणून मी त्याला तुच्छ लेखतो का? लॅटिनमध्ये ‘स्पेकेरे’ म्हणजे बघणे. मागे वळून बघण्यातून रिस्पेक्ट आला, वरून खाली बघण्यातून डिस्पाइज. ज्याचा द्वेष करतो त्याची भीतीही वाटू शकते. ज्याला डिस्पाइज करतो तो आपल्या खिजगणतीतही नसतो.

रोखठोक: सर, व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ ठरत नाही. सस्पेक्टचं मूळ ‘खालून वर बघणे’. लॅटिनमध्ये त्याला आदराने पाहणे असाही अर्थ होता. मग ‘आय सस्पेक्ट माय टीचर’ हा आदर धरायचा? लोक ‘आय डिस्पाइज मंडेज’ही म्हणतात. सोमवारकडे कोण वरून बघतं?

शब्दवेडी: खिजगणतीत नसणे ही उपेक्षा झाली. डिस्पाइज करायला आधी दखल घ्यावी लागते. आणि उपेक्षेतही ‘ईक्ष्’ म्हणजे बघणेच आहे. अपेक्षा, परीक्षा, निरीक्षण, सगळे त्याच धातूचे. हे शाळेत कुणी शिकवत नाही याचा मला फार राग आहे.

मु_पो_लातूर: बघण्याचं मी सांगतो. कॉलेजचं पहिलं वर्ष, पुणे. उभा राहून ‘रिस्पेक्टेड सर’ म्हणालो, उच्चार गावाकडचा. मागचे बाक हसले. सरांनी चष्मा नाकावर खाली घेतला, काचांच्या वरून पाहिलं आणि विचारलं, “मराठी मीडियम का?” वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. डिस्पाइजचा अर्थ मला डिक्शनरीत बघावा लागला नाही.

रोखठोक: धागा शब्दांचा आहे. प्रत्येक ठिकाणी माध्यमाचं रडगाणं नको. मीही मराठी माध्यमातलाच.

मु_पो_लातूर: रडगाणं? तुमच्यावर वर्ग हसला नाही म्हणून हा शब्द सुचतो.

दोन_मुलांची_आई: माझा मुलगा इंग्रजी शाळेत आहे. परवा आजी ‘इस्कूल’ म्हणाली तर तो हसला, तिची नक्कल केली. ती गप्प बसून भाजी निवडत राहिली. त्या दिवसापासून ती त्याला शाळेचं काही विचारत नाही. लातूरकरांचं रडगाणं नाही हो, आमच्या घरात चालू आहे हे.

रोखठोक: बरं, ‘रडगाणं’ मागे घेतो. माणसाबद्दल बोलताना डिस्पाइजमध्ये वरून बघणं अजून आहे, तेवढं मान्य. सोमवारबद्दल नाही.

फळा_खडू: खिजगणतीचं माझं चुकलं. पण तो तक्ता काढा. आवडत नसलेल्या माणसाचाही रिस्पेक्ट करता येतो, हे मुलांना कळायलाच हवं.