सी ४०२ चे हप्ते कोण भरणार? (सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

बी ३०४: सी ४०२ फ्लॅट घेऊ पाहणारे ते दोघे काल रात्री परत आले होते. वॉचमनला म्हणाले, सी ४०२ आता आमचाच. सेक्रेटरीसाहेब, काही कागद आलाय का?

सेक्रेटरी: अर्ज नाही, करार नाही. काहीच नाही.

खजिनदार: मेंटेनन्सची थकबाकी कोण भरणार ते आधी सांगा.

ए १०२: सी ४०२ वाल्याची नोकरी गेलीय. घरचं चव्हाट्यावर कशाला?

बी ३०४: काका, काळजीपोटी बोलतेय. वहिनींनीच सांगितलं. फ्लॅट घेणारा माणूस थोडी रोख देणार, गृहकर्जाचे पुढचे हप्ते भरणार. बदल्यात कुलमुखत्यारपत्र, म्हणजे यांच्या वतीने फ्लॅटचे व्यवहार करायचा अधिकार. कर्ज मात्र यांच्याच नावावर!

डी ५०१: बँकेला हप्ता मिळाला म्हणजे झालं.

ए ३०३: वकील म्हणून सांगतो, नाही झालं. बँकेच्या संमतीशिवाय कर्जदार बदलत नाही. त्याने हप्ते बुडवले तर नोटीस यांना, सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) यांचं खराब. आणि मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय.

सी २०१: वकीलसाहेब, माझ्या पार्किंगचाही निकाल लावा 🙏

सेक्रेटरी: तो विषय मीटिंगमध्ये.

सी २०१: मीटिंगला तुम्ही असता कुठे?

खजिनदार: मेंटेनन्स कोण भरणार?

सी ४०२: इथे लिहिण्याआधी मला एक फोन केला असता तर बरं झालं असतं. असो. सही केलेली नाही. दोन हप्ते थकलेत.

बी ३०४: भाऊ, चुकलंच. पण सही करू नका हो.

ए ३०३: हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. मग सरफेसी कायद्याखाली (बँकेला तारण घर ताब्यात घेऊ देणारा कायदा) ६० दिवसांची नोटीस आणि पुढे ताबा. नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकताही येत नाही. आत्ता वेळ आहे. आधी बँकेत मुदत वाढवून मागा. नाहीच जमलं तर रीतसर विका. गिऱ्हाईकाच्या पैशातून बँकेचं कर्ज फिटतं, उरलेले तुमचे.

डी ५०१: गुंतवणूक करणारा प्रत्येक जण लबाड नसतो.

ए ३०३: मी लबाड म्हटलं नाही. व्यवहार सरळ असेल तर यांच्यासोबत बँकेत येऊ दे की.

डी ५०१: ठीक आहे.

खजिनदार: माझा प्रश्न तसाच राहिला. मेंटेनन्स?

ए १०२: अहो, घर राहू दे आधी त्यांचं!

सी ४०२: मेंटेनन्सही देईन. वकीलसाहेब, उद्या येऊ का?

ए ३०३: सकाळी या. कर्जाचं मंजुरीपत्र, खातेउतारा आणि त्याने दिलेला मसुदा, तिन्ही आणा.