कुंकळ्ळीची व्हिस्की आणि वयाचा हिशोब

'वय न लिहिलेली भारतीय सिंगल माल्ट १२ वर्षांच्या स्कॉचच्या भावात का घ्यायची?' असं एकाने विचारलंय, म्हणून लिहितोय. (सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की; वय म्हणजे ती पिंपात मुरलेली वर्षं.) दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन या भारतीय सिंगल माल्टची डिस्टिलरी बघेपर्यंत मलाही हाच प्रश्न पडायचा.

तांब्याचे पॉट स्टिल, म्हणजे दारू गाळायची मोठी भांडी, देखणे आहेतच. (फेणीची भट्टी पाहिली असेल तर तत्त्व लगेच कळतं, तिथेही वाफ करून गारच करतात.) पण खरी गोष्ट उमगते ती पिंपांच्या कोठारात. आत पाऊल टाकलं की दमट उकाड्यात व्हॅनिला, ओलं लाकूड आणि पिकल्या केळ्यांचा वास अंगावर येतो. तो वास म्हणजे पिंपांतून उडून चाललेली व्हिस्कीच. देवदूतांचा वाटा म्हणतात याला. स्कॉटलंडच्या थंडीत तो वर्षाला साधारण २ टक्के असतो, गोव्यात त्याच्या कितीतरी पट. १२ वर्षं ठेवली तर पिंपात उरणार काय? शिवाय त्याच उकाड्यामुळे पिंपाच्या ओक लाकडाचा रंग आणि चव व्हिस्कीत झपाट्याने उतरते. त्यामुळे स्कॉचच्या वयाचा हिशोब इथे लावूच नये, हे माझं ठाम मत.

चाखायची तर आधी कोरी, काही न मिसळता, छोटा घोट, तोंडात घोळवून. मग चमचाभर साधं पाणी. बर्फ नकोच, वास मरतो. पॉल जॉनची 'ब्रिलियन्स' ४६ टक्के अल्कोहोलची आहे, पाणी पडताच तिचा मधासारखा गोडवा मोकळा झाला. धुराची चव आवडणाऱ्यांनी त्यांचीच 'बोल्ड' घ्यावी, तिच्यासाठी पीट (बार्लीला धुराचा वास देणारी, जळणासारखी वापरायची दलदलीतली माती) स्कॉटलंडहून येतं.