विषय: १४ तारखेची सिमको तलावावरची बर्फातली मासेमारी सहल – आठ सूटांपैकी पाचच परत आलेत

प्रेषक: नितीन
मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आज स्टोअररूम उघडली. पाण्यात तरंगणाऱ्या, थंडीच्या सूटांच्या खोक्यात पाचच सूट आहेत. मागच्या फेब्रुवारीत आठ नेले होते. दोन लार्ज आणि एक मीडियम नाही. जे आहेत त्यातल्या एकाची पायाची चेन जाम झाली आहे आणि एक ओलाच कोंबलेला होता, त्याला कुबट वास येतोय.

नावं १३ आली आहेत. पाच जणांकडे स्वतःचे सूट आहेत, म्हणजे मंडळाचे आठही लागणार. ज्याच्याकडे असतील त्याने उद्या कळवा, मी घरी येऊन घेऊन जाईन. यंदा जीन्सवर आलेल्याला बर्फावर पाऊल टाकू देणार नाही, हे आत्ताच सांगतो.

नितीन


प्रेषक: वैशाली
मंगळवार, रात्री १०:१५

नितीन, मीडियम माझ्याकडे आहे. सहलीहून आल्यावर तूच धुवायला दिला होतास. धुऊन, सावलीत वाळवून ठेवलाय. परत ठेवायला मी दोनदा आले, दोन्ही वेळा किल्ली सांस्कृतिक समितीकडे होती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं सामान पुढे आणि सूटांचं खोकं पार मागे, हे कुणी ठरवलं ते मला माहीत नाही. वाणाच्या वाट्या ओल्या राहिल्या तरी बिघडत नाही, सूट ओला राहिला तर आतला फोम जातो. सहलीच्या सामानाला वेगळं कपाट हवं, हे मी वार्षिक सभेतही बोलले होते.

चेनला मेणबत्ती घास. ओढू नकोस, दात तुटतील.


प्रेषक: चिन्मय
बुधवार, ४ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

नमस्कार, मी पहिल्यांदाच येतोय. माझं जॅकेट -३० चं आहे, आत खरी पिसं आहेत. गेला अख्खा हिवाळा टोरांटोत बसची वाट बघत त्यातच काढला. खाली थर्मल आणि ट्रॅक पँट घातली तर चालेल ना? म्हणजे माझा सूट दुसऱ्या कुणाला देता येईल.


प्रेषक: नितीन
बुधवार, दुपारी १२:५०

चिन्मय, नाही चालणार. जरा सविस्तर लिहितो, कारण मला अजून तिघांनी हेच फोनवर विचारलंय.

मागच्या वर्षी जीन्सवर आलेल्या त्या मुलाचंही जॅकेट असंच भारी होतं. वर जॅकेट, खाली जीन्स, पायात जिमचे बूट. ऑगरने, म्हणजे बर्फाच्या गिरमिटाने, भोक पाडलं की पाण्याबरोबर बर्फाचा चिखल वर येतो आणि भोकाभोवती पसरतो. पहिला पर्च मासा लागला तेव्हा तो त्या चिखलात गुडघे टेकून बसला. थोड्याच वेळात जीन्स पत्र्यासारखी ताठ झाली. चालताना एक पाय दुसऱ्यावर घासला की खडखड वाजत होती. तासाभराने मला म्हणाला, ‘आता बोटं दुखायची थांबली.’ त्याला वाटलं बरं झालं. मी बूट काढायला लावले तर दोन्ही पायांची बोटं मेणासारखी पांढरी. गाडीत नेलं आणि त्याचे तळपाय माझ्या स्वेटरच्या आत पोटाशी धरून बसलो. कुणी म्हणत होतं बर्फाने चोळा, कुणी म्हणत होतं हीटरसमोर धरा. दोन्ही करायचं नाही. चोळून कातडी फाटते, आणि बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. वीसेक मिनिटांनी बोटं लाल झाली आणि तो कळवळायला लागला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. ते पोर आपल्या भरवशावर आलं होतं.

आता तुझ्या जॅकेटबद्दल. लेबलवरच्या -३० ला सगळ्या कंपन्यांचं एकच माप नसतं. आणि बसथांब्यावर माणूस पंधरा मिनिटं येरझाऱ्या घालतो, इथे पाच तास बादलीवर बसायचंय. हालचाल नाही म्हणजे अंगात ऊब तयार होत नाही, असलेली तेवढीच राखायची. सिमकोच्या कुक्स बे या खाडीवर आडोसा कसला तो नाही. तापमान -१५ असलं आणि ताशी ३० किलोमीटर वारा असला की उघड्या चेहऱ्याला -२६ सारखं लागतं. तुझं जॅकेट कमरेपर्यंतचं असणार. बादलीवर वाकून बसलास की मागून वर सरकतं आणि वारा थेट पाठीत शिरतो. म्हणून खाली बिब, म्हणजे छातीपर्यंत येणारी विजार, लागते.

पिसं कोरडी असली की त्यांच्याइतकं ऊबदार काही नाही, पण ओली झाली की गोळा होऊन बसतात. सूटात कृत्रिम भरण असतं, ते ओलं झालं तरी पुष्कळ धरून ठेवतं. अंगाला लागून सुती काहीही नको, बनियनसुद्धा. सुती कापड घाम पितं आणि अंगावरच ओलं राहतं. लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर सूट. थंडी वाजायच्या आधी माणसं घामाने भिजलेली असतात, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. म्हणून गाडीत सूट घालून बसायचं नाही, आणि ऑगर फिरवताना वरचं जॅकेट काढून ठेवायचं. हातऑगरने फूटभर बर्फ कापताना अंगातून वाफा निघतात. भोक झालं, श्वास खाली बसला की लगेच घालायचं.

आणि शेवटचं. हे सूट नुसते गरम नाहीत, ते पाण्यात तरंगतात. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीझब्रेक्ट हे थंड पाण्यावर काम करणारे प्राध्यापक १-१०-१ असा हिशेब सांगतात: पहिला एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. ती दहा मिनिटं बाहेर यायला वापरायची तर आधी तोंड पाण्याबाहेर राहायला हवं. पिसांचं जॅकेट आणि पाण्याने भरलेले बूट घालून नुसतं तरंगत राहण्यातच ती संपतील. बर्फाची जाडी मी आदल्या दिवशी तिथल्या हटवाल्याला (बर्फावरच्या मासेमारीच्या झोपड्या भाड्याने देणाऱ्याला) विचारणारच आहे. निळसर, स्वच्छ बर्फ १० सेंटिमीटर असला तर माणूस चालू शकतो, पांढरा असेल तर दुप्पट हवा. तरीही प्रत्येकाच्या गळ्यात आइस पिक, म्हणजे बर्फात रोवून वर यायचे टोकदार खिळे, असतील.

सूट तुलाच मिळणार. नाही मिळाला तर तू किनाऱ्यावर थांबशील.

नितीन


प्रेषक: रमेशकाका
बुधवार, दुपारी ३:३०

चि. नितीन,

सगळं वाचलं. लोकरीबद्दल तू एका शब्दात आटपलंस म्हणून लिहितो. मी माणचा. आमच्याकडे मेंढकं काळ्या घोंगड्याची खोळ डोक्यावर घेऊन दिवस दिवस पावसात उभी राहतात. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी दमट हवा पिते आणि तरी हाताला ओली लागत नाही. १९९८ साली इथे येताना आईने बॅगेत घोंगडी घातली होती. वजन जास्त झालं म्हणून विमानतळावर स्टीलचे डबे काढून ठेवले, पण घोंगडी आणली. आजही तिला कसर लागलेली नाही.

सूट कमी पडत असतील तर ती मी देतो. चिन्मयला पांघरू दे.

आणि माकडटोपी आणा. पोरांना लाज वाटते म्हणून सांगतो.


प्रेषक: प्राची
बुधवार, सायंकाळी ६:१०

रमेशकाका, घोंगडी नक्की आणा, पण पांघरायला नको. आमचे बाबा थळचे, आयुष्य होडीवर गेलं. जानेवारीत पहाटे अंग ओलं असताना वारा लागला की अलिबागलासुद्धा दात वाजतात, आणि तिथे बर्फाचं नावही नाही. बाबा आत जाड स्वेटर घालायचे आणि वर रबरी कोट. कोटाला ऊब काहीच नव्हती, पण वारा अडायचा. सिमकोवर खोळ घेतली तर वारा खालून शिरेल. आणि पॉवर ऑगर चालू असताना घोंगडीचं, मफलरचं टोक सुटं राहायलाच नको. मागच्या वर्षी एकाच्या मफलरचं टोक पात्याजवळ लोंबत होतं, मी ओरडले तेव्हा कुठे त्याने खोचलं. घोंगडीची चौपदरी घडी करून बादलीवर ठेवा, त्याइतकी चांगली बैठक विकत मिळणार नाही. पायाखाली जुन्या योगा मॅटचा तुकडा. थंडी वरून कमी आणि तळव्यातून जास्त येते.

माकडटोपीला माझा पाठिंबा आहे, पण दोन आणा. तोंडासमोरची लोकर श्वासाने ओली होऊन गोठते, मग बदलावी लागते.

हातांबद्दल कुणीच लिहिलं नाही. गळ घरीच, जेवणाच्या टेबलावर बसून बांधून न्या. पाच-सहा दोऱ्या गळासकट तयार, तिथे फक्त क्लिपला अडकवायच्या. गाठ मारायला मोजे काढले की बोटं दोन मिनिटांत लाकडाची होतात. वर अंगठ्याचे मोठे मिटन, आत पातळ बोटांचे मोजे. मासा सोडवून झाला की हात पाण्यात बुडवू नका. कमरेला पंचा खोचा, हात कोरडे करा, मगच मिटनमध्ये घाला. ओल्या हाताने ऑगरचं लोखंड धरलंत तर कातडी तिथेच चिकटेल.


प्रेषक: शैलेश
बुधवार, रात्री ८:००

सगळ्यांना नमस्कार. माझी शनिवारी ड्यूटी आहे. रविवारी १५ ला ठेवता येईल का? फॅमिली डेच्या सुट्टीच्या तीनही दिवशी बिनलायसन्स मासेमारी चालते ना?


प्रेषक: वैशाली
बुधवार, रात्री ८:२०

शैलेश, १५ ला महाशिवरात्र आहे. निम्म्या घरांत उपास, आणि त्या दिवशी मासे मारायला मंडळाच्या नावाने जायचं हे मला पटत नाही. मी स्वतः खाते, तरी नाही पटत. तारीख बदलू नये.


प्रेषक: शैलेश
बुधवार, रात्री ८:२५

बरोबर आहे वैशालीताई, लक्षात नव्हतं. मग मी यंदा नाही. माझा सूट लार्ज आहे, स्वतःचा. चिन्मयला देतो, शुक्रवारी येऊन घेऊन जा म्हणावं.


प्रेषक: सुजाता
बुधवार, रात्री ९:४५

मुलांबद्दल दोन गोष्टी. गाडीतल्या चाइल्ड सीटमध्ये जाड स्नोसूट घालून बसवू नका, पट्टा सैल राहतो. किनाऱ्यावर पोचल्यावर चढवा. आणि तंबूत प्रोपेनचा हीटर लावणार असाल तर हवेची झडप उघडी ठेवा, थंडी आत आली तरी चालेल. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखायला लागलं तर थंडीने दुखतंय असं समजून बसू नका, आधी बाहेर या. मी बॅटरीचा अलार्म आणतेय.

गेल्या वेळी थर्मासमध्ये रम घालून आणली होती ती यंदा नको. प्यायल्यावर कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटतं आणि ऊब बाहेर जाते. आल्याचा चहा मी करते. वीस कप पुरतील का? खाण्याचं खाद्य समितीने आधीच ठरवलं असेल तर सांगा, मी त्यात पडत नाही.


प्रेषक: चिन्मय
गुरुवार, ५ फेब्रुवारी, सकाळी ७:५०

नितीनदादा, शैलेशदादा, धन्यवाद. शुक्रवारी येतो. काल रात्री लोकरीचं थर्मल मागवलं. बूट मात्र माझ्याकडे चालायचेच आहेत. दोन जोड मोजे घातले तर बसतील का? आणि ते हात गरम करायच्या पुड्या बुटात टाकल्या तर?


प्रेषक: नितीन
गुरुवार, सकाळी ११:३०

चिन्मय, दोन जोड मोजे घालून बूट आवळलास तर रक्त फिरणार नाही आणि पाय आणखी लवकर गार पडतील. एकच जाड लोकरीचा मोजा, आणि बुटात बोटं हलली पाहिजेत. पुड्यांमध्ये लोखंडाची पूड असते, ती हवा मिळाली की गंजते आणि त्यातून उष्णता येते. बंद बुटात हवा कमी, म्हणून हाताच्या पुड्या तिथे मंद पडतात. पायाच्या वेगळ्या मिळतात, त्या घे, मोज्याच्या वरून चिकटव, उघड्या कातडीला नको. मिटनमधल्या पुड्या निघायच्या थोडं आधी फोडून ठेव.

हिशेब असा: मंडळाचे पाच, वैशालीताईंकडचा सहावा, चिन्मयला शैलेशचा. शैलेश येत नाही म्हणजे आपण १२, स्वतःचे सूट असलेले चार. अजून एक लार्ज लागतोच. ज्यांच्याकडे ते दोन लार्ज आहेत त्यांना मी कारण विचारणार नाही, फक्त आणून द्या. चेन मेणबत्तीने सुटली. कुबट वासाचा सूट बाथरूममध्ये पंख्यासमोर टांगलाय.

ओळखपत्र प्रत्येकाने ठेवा, बिनलायसन्सच्या दिवशीही लागतं, आणि माशांची मर्यादा कॉन्झर्व्हेशन लायसन्सचीच, म्हणजे कमी मासे धरायच्या लायसन्सची. सुजाता, चहा वीस कप नको, तीस कर.


प्रेषक: रमेशकाका
गुरुवार, दुपारी १:००

चि. नितीन, एक लार्ज आमच्या गराजमध्ये आहे, स्नोटायरमागे. सौ.ला सकाळी दिसला. माझ्या मुलाने नेला होता. चांगला आहे, वाळलेला आहे. घोंगडीसोबत घेऊन जा, चार वाजेपर्यंत मी घरी आहे.

चिन्मयच्या पायाचा नंबर काय? माझे फेल्टच्या अस्तराचे बूट ११ चे आहेत, आता मला जड होतात.


प्रेषक: चिन्मय
गुरुवार, दुपारी १:०४

काका, १०. एक जाड मोजा घातला की ११ बसतील. मीच येतो, नितीनदादांना नको त्रास.