हिऱ्याचे टॉप्स की सात खड्यांच्या कुड्या? (बी विंग, खरेदी-चौकशी ग्रुप)

अमेय, बी-604
नमस्कार मंडळी. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला बायकोला हिऱ्याचं कानातलं द्यायचंय. रोज ऑफिसला घालता येईल असं. एकेक हिऱ्याचे सॉलिटेअर टॉप्स घ्यावेत की सात खड्यांच्या कुड्या? फिरकीचे की दाबाचे? आणि सर्टिफिकेटवर नेमकं काय बघायचं? ती या ग्रुपवर नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहा.

जोशी काका, बी-102
अमेय, दुकानाच्या आधी घरातला डबा उघडा. ती रोज घालते त्या कानातल्याचं एक नग हातात घ्या आणि चार गोष्टी टिपून ठेवा. सोनं पिवळं आहे की पांढरं, दांडी जाड आहे की बारीक, दांडीची लांबी किती (पट्टीवर मिलिमीटरमध्ये), आणि मागे फिरकी आहे की दाबाची पकड. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा. सराफाला एवढं दाखवलं की अर्धं काम होतं.

मंगेश, सी-201
काकांनी दांडीचं सांगितलं ते सगळ्यात महत्त्वाचं. लोक हिऱ्यावर तासभर घालवतात आणि दांडी बघतही नाहीत. कानातलं हरवतं ते फिरकीमुळे.

आपल्याकडे तीन प्रकार मिळतात. दाबाचं, म्हणजे पुश. घालायला सोपं, पण पकडीचे कान कालांतराने सैल होतात आणि टॉवेल किंवा ओढणीत अडकून निघून येतं. दुसरं बॉम्बे स्क्रू, म्हणजे बारीक दांडीवर मळसूत्र. तिसरं साउथ स्क्रू, त्याची दांडी चांगली जाड असते. ज्यांच्या कानाचं भोक बारीक दांडीला सरावलंय त्यांना साउथ स्क्रू जात नाही, ओढाताण केली की पाळी सुजते. उलट ज्यांचं भोक मोठं झालंय त्यांनी बारीक दांडी घातली की टॉप पुढे झुकतो आणि हिरा समोर बघायच्या ऐवजी जमिनीकडे बघतो. म्हणून डब्यातलं जुनं कानातलं बघायला सांगतात.

रोजच्या वापराला फिरकीच घ्या. घेताना फिरकी स्वतः लावून बघा. पूर्ण बसायला चार-पाच फेरे तरी लागले पाहिजेत आणि शेवटपर्यंत सारखीच घट्ट जायला हवी. मध्येच गुळगुळीत सरकली तर मळसूत्र नीट पडलेलं नाही, ते नग नको म्हणायचं.

अमेय, बी-604
झुकायचं कारण फक्त भोक असतं का? सासूबाईंचे टॉप्सही झुकलेले दिसतात.

मंगेश, सी-201
भोक हे एक कारण. दुसरं कोंदणाची उंची. चार प्रॉंगची (हिरा धरून ठेवणाऱ्या सोन्याच्या नख्यांची) उंच टोपली असेल तर हिरा पाळीपासून बाहेर राहतो आणि वजन पुढे ओढतं. तीन प्रॉंगचं निमुळतं कोंदण, ज्याला मार्टिनी म्हणतात, ते पाळीला टेकून बसतं आणि त्याचं टोक थोडं भोकातही जातं, त्यामुळे झुकत नाही. तिसरं म्हणजे मागची फिरकी फारच छोटी. मोठ्या चकतीची फिरकी लावली की पाळीला मागून आधार मिळतो. ही वेगळी करून मिळते, सासूबाईंच्या टॉप्सनाही बसवता येईल. फक्त टॉप्स सोबत न्या, मळसूत्र जुळवूनच करावी लागते.

हेतल, बी-703
आता हिऱ्यावर येते.

अंगठीतला हिरा माणूस स्वतः जवळून बघतो. कानातला हिरा समोरचा माणूस हातभर लांबून बघतो. म्हणून कानातल्यासाठी कलर आणि क्लॅरिटीवर अंगठीइतके पैसे घालायची गरज नाही. पैसे कटवर घालायचे. गोल हिऱ्याला जीआयए (हिरे तपासून रिपोर्ट देणारी संस्था) कट ग्रेड देतं, त्यात एक्सलंट घ्या, बजेटच अडलं तर व्हेरी गुड. त्याखाली नको. लांबून जे चमकतं ते कटचंच काम.

कलर (डी म्हणजे रंगहीन, पुढच्या अक्षरागणिक पिवळसरपणा वाढतो): पिवळ्या सोन्यात आय, अगदी जेसुद्धा छान दिसतो, कारण सोन्याचा रंगच हिऱ्यात उतरतो. पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये जी-एच घ्या. डी-ई-एफ साठी जास्तीचे पैसे देणं कानातल्यात वाया.

क्लॅरिटी, म्हणजे आतले डाग किती: एसआय1 (भिंगातून दिसणारे किरकोळ डाग) पुरेशी, पण ग्रेडचं अक्षर वाचून थांबू नका. डाग कुठे आहे ते भिंगातून बघा. मधल्या सपाट टेबलाखाली काळा ठिपका असेल तर नको. कडेला पांढरट रेघ असेल तर ती प्रॉंगखाली जाते, काही बिघडत नाही.

हेतल, बी-703
आकाराचं एक सांगते, कारण इथेच फसगत होते. 1 कॅरेट म्हणजे 100 सेंट, म्हणजे 0.2 ग्रॅम. नीट कापलेला गोल हिरा साधारण असा भरतो: 20 सेंट 3.8 मिमी, 30 सेंट 4.3 मिमी, 50 सेंट 5.1 मिमी, 1 कॅरेट 6.4 ते 6.5 मिमी. वजन दुप्पट झालं म्हणून तोंडावरचा आकार दुप्पट होत नाही.

रिपोर्टवर, म्हणजे सर्टिफिकेटवर, मापं असतात. समजा 4.31 ते 4.33 बाय 2.66 मिमी लिहिलंय आणि वजन 30 सेंट. खोली, म्हणजे व्यासाच्या तुलनेत उंची, साडेएकसष्ट टक्क्यांच्या आसपास येते, उत्तम. तेच 30 सेंट 4.2 मिमीमध्ये बसवले असतील तर खोली 66 टक्क्यांवर जाते. म्हणजे वजन बुडाखाली लपवलंय. पैसे 30 सेंटचे आणि दिसतो 28 सेंटसारखा, वर मधोमध काळपट. गोल हिऱ्याला खोली 59 ते 62.5 टक्क्यांच्या आत असावी.

दुसरं, 30, 50, 100 हे आकडे ओलांडले की कॅरेटचा भावच वरच्या पायरीवर जातो. 50 ऐवजी प्रत्येकी 46-48 सेंटची जोडी मागा. कानावर फरक कोणालाही दिसणार नाही, बिलावर दिसेल.

जोशी काका, बी-102
हेतल, जोडी जुळवण्याबद्दलही लिही ना.

हेतल, बी-703
हो काका. दोन्ही हिऱ्यांच्या व्यासात 0.1 मिमीपेक्षा जास्त फरक नको. कलरमध्ये एका ग्रेडचा फरक चालतो. फ्लुरोसन्स (अतिनील किरणांत हिरा चमकणं) मात्र दोन्हींचा सारखा हवा, हे कोणी विचारत नाही. एकाला स्ट्राँग ब्लू आणि दुसऱ्याला काहीच नाही असं असेल तर दुकानात दोघे जुळे वाटतात आणि उन्हात गेलं की एक वेगळा, कधी कधी दुधाळ दिसतो. दुकानातल्या स्पॉटलाइटखाली तर कोणताही हिरा चमकतो. ट्यूबलाइटखाली न्या, मग दाराशी दिवसाच्या उजेडात बघा. कलर बघायला पांढरं कार्ड मधोमध दुमडून त्यात दोन्ही शेजारी उपडे ठेवा.

अमेय, बी-604
आणि सात खड्यांच्या कुड्या? आईचा आग्रह त्याच घ्याव्यात असा आहे.

जोशी काका, बी-102
आईंच्या आग्रहाला हिशोबाचाही पाठिंबा आहे. मधे एक आणि भोवती सहा, सगळे 5 सेंटचे म्हणजे सुमारे 2.4 मिमीचे धरा. एका ओळीत तीन हिरे येतात, म्हणजे कुडीचा व्यास 7.2 मिमी. एका कानाला 35 सेंट, जोडीला 70. तोच व्यास एका हिऱ्यात हवा असेल तर 1.4 कॅरेटच्या आसपासचा हिरा लागेल, तोही प्रत्येक कानाला. त्यामुळे कमी पैशात भरलेला कान हवा असेल तर कुड्या. नऊवारीवरही शोभतात आणि कुर्त्यावरही.

पण फेरविक्रीत सॉलिटेअर बरा. बारीक हिऱ्यांना मोड देताना फार थोडे पैसे मिळतात. आणि चौदा हिरे म्हणजे निखळायला चौदा जागा.

मंगेश, सी-201
कुड्या घेतल्या तर मागून उघड्या जडणीच्याच घ्या. मागे पत्रा बंद असेल तर खोबरेल तेल, साबण, पावडर आत जाऊन बसते आणि वर्षभरात हिरे मंद पडतात. बंद कोंदणात ब्रश पोचत नाही.

घेताना एक नग कानाजवळ धरून नखाने हलकी टिचकी मारा. खुळखुळ आली तर एखादा हिरा सैल आहे. मग ओढणीचं टोक कोंदणावरून फिरवा. धागा अडकला तर प्रॉंग वर उठलाय. दोन्ही गोष्टी दुकानातच करायच्या, त्यात संकोच नको. सॉलिटेअरला 30 सेंटपर्यंत चार प्रॉंग पुरे, सहा घातले तर लहान हिरा झाकला जातो.

डॉ. श्वेता, ए-402
पांढरं सोनं घेताना मिश्रधातूत निकेल नाही ना, ते विचारून घ्या. कान खाजणं, पाणी सुटणं, खपली धरणं हे बऱ्याचदा निकेलमुळे होतं. वर ऱ्होडियमचा मुलामा असतो तोवर त्रास नसतो, दांडीवरचा मुलामा घासला गेला की सुरू होतो. त्वचा नाजूक असेल तर पिवळं सोनं किंवा 950 (95 टक्के शुद्ध) प्लॅटिनम.

अमेय, बी-604
बीकेसीच्या डायमंड बोर्समधून सुटे हिरे घेऊन जडवून घेतले तर स्वस्त पडेल का? आणि लॅब ग्रोनचं काय?

हेतल, बी-703
बोर्स हा घाऊक व्यापाराचा बाजार आहे, ओळखीशिवाय दोन हिऱ्यांसाठी तिथे जमणं कठीण. ओळखीतून सुटे घेतलेच तर पैलू पाडलेल्या सुट्या हिऱ्यावर जीएसटी 1.5 टक्के, तयार दागिन्यावर 3 टक्के. सुट्याचा खरा फायदा असा की रिपोर्ट सुट्या हिऱ्याचा मिळतो. जडवलेल्या दागिन्याच्या कार्डावर कलर-क्लॅरिटी कोंदणातून दिसेल तेवढ्यावरच दिलेली असते, ग्रेडही बहुधा जी-एच असा जोडून लिहितात. जडायला देताना पावतीवर दोन्ही रिपोर्ट नंबर आणि वजनं लिहून घ्या. नंबर हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला असतो, त्यावर प्रॉंग येऊ देऊ नका असं कारागिराला सांगा. परत घेताना दुकानातल्या मायक्रोस्कोपखाली नंबर वाचूनच घ्या.

लॅब ग्रोन हा कार्बनचाच खरा हिरा, फक्त प्रयोगशाळेत सीव्हीडी (वायूतून थर चढवून) किंवा एचपीएचटी (प्रचंड दाब आणि उष्णता देऊन) पद्धतीने केलेला. जून 2023 मध्ये पंतप्रधानांनी जिल बायडन यांना 7.5 कॅरेटचा दिला तोही लॅब ग्रोनच. चमक तीच, किंमत बरीच कमी, आणि गेल्या काही वर्षांत भाव सतत उतरलेत, त्यामुळे परत विकून काही हाती येईल हे गृहीत धरू नका. घालायच्या हौसेसाठी घ्यायचे तर माझ्या मते उत्तम पर्याय आहे. पण बिलावर आणि रिपोर्टवर तसं स्वच्छ लिहिलेलं हवं. भिंगातून नैसर्गिक आणि लॅब ग्रोन ओळखता येत नाही, आणि दुकानातल्या पेन-टेस्टरवर दोघेही हिरा म्हणूनच लागतात. साध्या उष्णतेच्या टेस्टरवर मॉइसनाइटसुद्धा (हिऱ्यासारखा दिसणारा वेगळा खडा) पास होतो. तो भिंगाखाली जरा तिरका धरला की मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात.

जोशी काका, बी-102
आता बिल. अमेय, हे नीट वाचा.

हिऱ्याचं काम 18 कॅरेट सोन्यात करतात (इथे कॅरेट म्हणजे सोन्याची शुद्धता, हिऱ्याचं वजन नव्हे), 22 मऊ पडतं, प्रॉंग धरत नाहीत. रोजच्या वापराला 14 कॅरेटही चांगलं. 18 चा भाव काढायला 22 चा भाव 18 ने गुणून 22 ने भागा. दुकानदाराचा आकडा त्याच्या आसपास असायला हवा.

सोन्याचे पैसे निव्वळ वजनावर द्यायचे. उदाहरण घ्या: टॉप्सचं एकूण वजन 3.260 ग्रॅम, हिरे मिळून 60 सेंट म्हणजे 0.120 ग्रॅम, निव्वळ सोनं 3.140 ग्रॅम. भाव समजायला ग्रॅमला 9,000 धरला तर सोन्याचे 28,260 होतात. एकूण वजनावर लावले तर 29,340. मधले 1,080 रुपये तुम्ही हिऱ्याच्या वजनाला सोन्याच्या भावाने दिलेत, आणि हिऱ्याचे वेगळे दिलेच आहेत.

बिलावर एवढं वेगवेगळं हवं: एकूण वजन, निव्वळ वजन, हिऱ्यांची संख्या आणि कॅरेट, कलर-क्लॅरिटी, कॅरेटचा भाव, घडणावळ, 3 टक्के जीएसटी. दोन लाखांच्या वर पॅन लागेल. मोड आणि बदलीची अट तोंडी नको, बिलाच्या मागे लिहून घ्या. हिऱ्याच्या रकमेवर किती टक्के, घडणावळ कापणार का, मूळ रिपोर्ट लागणार का.

अमेय, बी-604
हॉलमार्क असला की हिऱ्याची खात्री झाली ना?

जोशी काका, बी-102
नाही. हॉलमार्क फक्त सोन्याचा. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, 18K750 सारखी शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, या तिन्ही खुणा बघा. एचयूआयडी 1 एप्रिल 2023 पासून सक्तीचा आहे, बीआयएस केअर ॲपवर टाकून तपासता येतो. मात्र 2 ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि लहान टॉप्स त्यात सहज बसतात. तसं असेल तर शुद्धता बिलावर लिहून घ्या आणि दुकानात यंत्र असेल तर समोर तपासून मागा.

सुनीता काकू, ए-105
साफसफाई कशी करायची तेही सांगा मंगेश, सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

मंगेश, सी-201
काकू, वाटीत कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विड साबणाचे दोन-तीन थेंब, पंधरा-वीस मिनिटं भिजत ठेवा. मग लहान मुलांच्या मऊ ब्रशने मागच्या बाजूने घासा, तेल तिथेच साठतं. दुसऱ्या वाटीतल्या पाण्यात खळखळून मऊ कापडावर वाळवा. बेसिनवर धुवायचं नाही. ब्लीच किंवा क्लोरीनच्या पाण्यात घालायचं नाही, त्याने प्रॉंगचं सोनं ठिसूळ होतं. डब्यात प्रत्येक नग वेगळ्या पुडीत ठेवा, हिऱ्याने हिऱ्याला चरे पडतात.

फिरकीचं मळसूत्रही ब्रशने साफ करा, आत केस आणि साबण अडकला की फिरकी फेरे चुकवते. लावताना आधी उलटी फिरवायची, बारीक टक् जाणवली की मग सुलट. जोर लावून तिरकी बसवली तर मळसूत्र कापलं जातं. आणि उजव्या-डाव्याच्या फिरक्या आपसात बदलू नका, प्रत्येक दांडीला तिचीच फिरकी नीट बसते. दुकानातच एका कानाच्या दांडी-फिरकीवर बारीक खूण करून मागा.

अमेय, बी-604
आत्ताच डबा बघितला. रोजचे टॉप्स पिवळ्या सोन्यात, बारीक दांडी, लांबी 10 मिमी, फिरकीचे. पाळी जरा जाड आहे तिची, फिरकी लावली की दांडीचं टोक मागे दिसतच नाही.

मंगेश, सी-201
मग 11 किंवा 12 मिमीची दांडी सांगा, बॉम्बे स्क्रू, मोठ्या चकतीची फिरकी. 10 ची घेतलीत तर फिरकी दोनच फेरे बसेल आणि पाळी दाबली जाईल. तयार मालात ही लांबी नसेल तर ऑर्डर द्या, कारागीर दांडी बदलून देतो. हे हिरे जडवण्याआधी सांगा, नंतर दांडी डाग देऊन (सोल्डर करून) जोडायला जडलेला हिरा उष्णतेजवळ आणावा लागतो.

हेतल, बी-703
पिवळं सोनं आहे म्हणजे एच-आय कलर, एसआय1, एक्सलंट कट, प्रत्येकी 28-29 सेंटची जोडी शोधा. रिपोर्ट हातात आले की दोन्हींचे फोटो इथे टाका, मापं बघून सांगते.