आरव्हीतून फुटबॉल स्पर्धेला गेला असाल तर अनुभव लिहा

२०२६चा विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतल्या १६ शहरांत, ११ जून ते १९ जुलै. आरव्हीने, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या मोठ्या गाडीने, फिरत सामने पाहायचे बेत बरेच जण करत आहेत, म्हणून हा धागा. सुरुवात मी करते.

२०२४च्या कोपा अमेरिका स्पर्धेत आम्ही कॅन्सस सिटीला अमेरिका-उरुग्वे पाहिला. आरव्ही कॅम्पग्राउंडवर ठेवली आणि मागे ओढून आणलेल्या छोट्या गाडीने स्टेडियमवर गेलो. पुन्हा गेले तरी असंच करेन. सामना रात्री आठचा, कॅम्पग्राउंडचं फाटक दहाला बंद! फाटकाचा कोड आधी घेतलाच नव्हता. दोन्ही मुलं पेंगुळलेली, आणि आम्ही दीड तास बाहेर रस्त्यावर. जागा आरक्षित करताना सगळ्यात आधी हे विचारा: रात्री उशिरा आत कसं यायचं? आणि हूकअप (आरव्हीला वीज देणारी तिथली जोडणी) ३० अँपिअरचा असेल तर एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावू नका, ब्रेकर पडतो.

*

ताई, एसीवरून आठवलं. २०२५च्या क्लब विश्वचषकात शार्लटला चेल्सी-बेनफिका सामना ८६व्या मिनिटाला विजांमुळे थांबला, तो जवळजवळ दोन तास. पुढे जादा वेळही खेळवला. आमचा कुत्रा आरव्हीत होता. कॅम्पग्राउंडची वीज गेली असती तर बंद गाडी तासाभरात भट्टी झाली असती. माझं खेळाकडे लक्षच नव्हतं. आता आत तापमान मोजणारं यंत्र लावलंय, पारा चढला की फोनवर निरोप येतो. तरीही लांबचा सामना असला की कुत्र्याला सांभाळणाऱ्याकडेच ठेवतो.

*

न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियमला जाणाऱ्यांनी न्यू जर्सीच्याच बाजूला मुक्काम करावा. न्यू यॉर्कच्या पार्कवेंवर (छोट्या गाड्यांसाठीच्या रस्त्यांवर) आरव्हीला बंदी आहे आणि तिथले दगडी पूल फार बुटके आहेत. साधं जीपीएस तुम्हाला थेट तिकडे नेतं. गाडीची उंची, छतावरच्या एसीसकट, मोजून डॅशबोर्डवर चिकटवा. सामन्याच्या दिवशी सिकॉकस स्टेशनहून स्टेडियमपर्यंत ट्रेन असते. परतताना रांग मोठी असते, पाणी पिऊन निघा.

*

पिशवीचं कोणी लिहिलं नाही. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या स्टेडियमांत पारदर्शकच लागते, १२ बाय ६ बाय १२ इंचांपर्यंत. पाठपिशवी आरव्हीतच राहू द्या, दारावरून परत फिरायला आरव्ही जवळ नसते.

*

आम्ही युरो २०२४ मोटरहोमने केला, जर्मनीत. सामन्याच्या तिकिटावर ३६ तास स्थानिक वाहतूक मोफत होती, त्यामुळे गाडी शहराबाहेर ठेवून निर्धास्त फिरलो. स्टुटगार्टसारख्या शहरांत शिरायला काचेवर गाडी कमी प्रदूषण करते असं दाखवणारं हिरवं स्टिकर लागतं. गाडी भाड्याची असेल तर ताब्यात घेतानाच ते बघून घ्या.

आणि सांडपाण्याची टाकी सामन्याच्या आदल्या दिवशी रिकामी करा. सामन्यानंतरच्या सकाळी सगळ्यांना एकदमच निघायचं असतं.