मदत हवी आहे : दादासाहेब फाळक्यांच्या हाती आजचा मोबाइल दिला, तर?

आमच्या वाचनालयाच्या कार्यक्रमासाठी मी दहा मिनिटांचे एकपात्री लिहीत असून, त्यात १९१२ सालचे दादासाहेब फाळके आजचा मोबाइल वापरतात, अशी कल्पना केली आहे.

पहिल्या खर्ड्यात मी त्यांना रील टाकायला लावले. हशा पिकला असता, पण तो माणूस फाळके वाटेना. दुसऱ्या खर्ड्यात वाटाण्याच्या रोपाचा प्रसंग घेतला. रोपाची वाढ दिवसेंदिवस थोडी थोडी चित्रित करून त्यांनी भांडवल देणाऱ्याला सिनेमाची ताकद पटवली होती. आज तेच काम टाइम-लॅप्सचे एक बटण करते, आणि तिथेच नाट्य संपते. ज्या घरात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात बसून कोऱ्या फिल्मला भोके पाडत, त्या घराला आयते बटण कितपत रुचेल, याची मला शंका आहे.

प्रेक्षक आठवी-नववीचे विद्यार्थी आहेत, पडदा किंवा प्रोजेक्टर मिळणार नाही, त्यामुळे सारे काही संवादांतूनच कळायला हवे. चरित्राची माहिती माझ्याकडे पुरेशी आहे. अडचण केवळ स्वभावाशी सुसंगत वापर ठरवण्याची आहे.

खोलून पाहता न येणाऱ्या या यंत्रात फाळके नेमका कशात हात घालतील : संकलनात, चमत्कारदृश्यांत, की ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटातल्या तारामतीसाठी स्त्री-कलाकार मिळेना म्हणून अण्णा साळुंके या पुरुष नटाला उभे करण्याऐवजी संगणकाने घडवलेल्या चेहऱ्यात (हा पर्याय मला स्वतःला पटत नाही), आणि तुमच्या निवडीला त्यांच्या कामातला कोणता आधार आहे?