इंग्रजी पत्रकातली विशेषणं नामाच्या डोक्यावर गाठोड्यासारखी बसतात, काय करावं?

रामबागवाला:
मंडळाच्या संमेलनाला बाहेरगावचे पाहुणे येणार आहेत. त्यांच्यासाठी इंदूरचा राजवाडा, सराफा, काच मंदिर असं एका पानाचं इंग्रजी पत्रक करतोय. मराठीत मजकूर झकास वाचला जातो, इंग्रजीत उतरवला की अवघडतो. तपासणीचं ॲप लाल रेघ मारतं, पण कारण सांगत नाही. ही सहा वाक्यं बघा:

१) ‘राजवाडा इज अ सेव्हन स्टोरीज पॅलेस.’
२) ‘द इन १९८४ बर्न्ट पॅलेस इज नाऊ रिपेअर्ड.’
३) ‘काच मंदिर इज अ फुल ऑफ ग्लास टेंपल अँड वर्थ टु सी.’
४) ‘सराफा इज ॲन ईझी टु रीच फ्रॉम राजवाडा प्लेस.’
५) ‘ईट हॉट हॉट जलेबी अँड डिफरंट डिफरंट टेस्टफुल स्नॅक्स.’
६) ‘वुई सर्व्ह पोहा टु गेस्ट्स टॉप्ड विथ सेव्ह अँड जीरावण.’

नुसती दुरुस्त वाक्यं नकोत, चुकतंय कुठे ते कळलं तर पुढचं पान माझं मी लिहीन.

नंदलालपुरा:
दोन, तीन आणि चार, तिन्हींचं दुखणं एकच. मराठीत नामाचं सगळं वर्णन नामाच्या आधी येतं, कितीही लांब असो: ‘१९८४ साली जळालेला आणि नंतर दुरुस्त केलेला वाडा’. आपल्या ‘-लेला’, ‘-णारा’ला काही अडचण नसते. इंग्रजीत मात्र विशेषणाला शेपूट आहे का, हे आधी पाहायचं. शेपूट म्हणजे त्याच्यामागे लागलेलं ‘इन’, ‘ऑफ’, ‘फॉर’, ‘विथ’, ‘फ्रॉम’ किंवा ‘टु’. शेपूट नसेल तर विशेषण नामाच्या आधी, असेल तर नामाच्या नंतर.

‘अ फेमस सिटी’, पण ‘अ सिटी फेमस फॉर इट्स पोहा’.
‘अ बर्न्ट पॅलेस’, पण ‘अ पॅलेस बर्न्ट इन १९८४’.
‘फुल ऑफ’ला शेपूट जन्मजात आहे, म्हणून ते नामाच्या आधी कधीच बसणार नाही. तसंही काच मंदिर काचेने ‘भरलेलं’ नाही, मढवलेलं आहे. ‘अ टेंपल कव्हर्ड इन ग्लास फ्रॉम फ्लोअर टु सीलिंग’ म्हणा, चित्र डोळ्यासमोर येतं.

‘वर्थ’नंतर ‘टु’ येत नाही, ‘-इंग’ येतं: ‘वर्थ सीइंग’. हेही नामाच्या मागेच: ‘अ टेंपल वर्थ सीइंग’.

दुसऱ्या वाक्यात जळणं आणि दुरुस्ती या दोन घटना आहेत. त्या एका विशेषणात कोंबू नका, क्रियापदं करा: ‘द पॅलेस वॉज बर्न्ट इन १९८४ अँड हॅज सिन्स बीन रिस्टोअर्ड.’ ‘रिपेअर्ड’ पंख्याला शोभतं, वास्तूला ‘रिस्टोअर्ड’.

सियागंज_हायफन:
वरचा नियम बरोबर, पण एक पळवाट राहिली. ‘ॲन ईझी-टु-रीच प्लेस’ हे शुद्ध इंग्रजी आहे. शेपटासकट सगळं हायफनने बांधलं की ते एक शब्द होतं आणि नामाच्या पुढे चालतं: ‘अप-टु-डेट लिस्ट’, ‘रेडी-टु-ईट पॅकेट’, ‘हार्ड-टु-फाइंड शॉप’. ही पळवाट तीन शब्दांपुरतीच ठेवा. ‘ईझी-टु-रीच-फ्रॉम-राजवाडा प्लेस’ लिहिलंत तर वाचणारा नामापर्यंत पोचायच्या आत दमेल.

आता पहिलं वाक्य. आकडा आणि नाम मिळून विशेषण झालं की नाम एकवचनी होतं आणि मधे हायफन येतो: ‘अ सेव्हन-स्टोरी पॅलेस’, ‘अ फाइव्ह-मिनिट वॉक’, ‘अ टेन-रुपी नोट’. वयाला दोन हायफन लागतात: ‘अ २००-इयर-ओल्ड हाउस’. तेच क्रियापदानंतर आलं की अनेकवचन परत येतं आणि हायफन जातात: ‘द पॅलेस इज सेव्हन स्टोरीज हाय’, ‘द हाउस इज २०० इयर्स ओल्ड’. एकाच पत्रकात दोन्ही रूपं आली की मुद्रितशोधनात माणूस एक ‘सुधारून’ दुसऱ्यासारखं करतो, तिथे जपा. ‘अ फाइव्ह मिनिट्स वॉक’ असं कोणी लिहिलं आणि ‘मिनिट्स’च्या एसनंतर ॲपॉस्ट्रॉफी असेल, तर बिनहायफनचं ‘फाइव्ह मिनिट्स वॉक’ही बरोबर, फक्त आधीचा ‘अ’ काढा.

मजला या अर्थी ब्रिटिश स्पेलिंगमध्ये शेवटी ई-वाय, अमेरिकन स्पेलिंगमध्ये नुसता वाय. पाहुणे कुठलेही असोत, पानभर एकच ठेवा.

‘-ली’ने संपणाऱ्या क्रियाविशेषणानंतर हायफन नको: ‘फ्रेशली फ्राइड जलेबी’. ‘-ली’ स्वतःच सांगतं की मी पुढच्या शब्दाला चिकटलोय. ‘डीप-फ्राइड गराडू’त (गराडू म्हणजे तळून खायचा कंद) मात्र हायफन हवा.

छप्पन_नंबर:
खाण्याचा प्रांत माझा. ‘गरम गरम’ची द्विरुक्ती इंग्रजीत चालत नाही, तिथे नेमका शब्द शोधायचा. गरम गरम म्हणजे ‘पायपिंग हॉट’, किंवा कढईतून नुकती काढलेली तर ‘स्ट्रेट फ्रॉम द पॅन’. बारीक बारीक कांदा म्हणजे ‘फाइनली चॉप्ड’. वेगवेगळे म्हणजे ‘ऑल काइंड्स ऑफ’. ‘टेस्टफुल’ तर काढाच भिया! त्याचा अर्थ सुरुचिपूर्ण. दिवाणखान्याची सजावट टेस्टफुल असते, भुट्ट्याचा कीस ‘टेस्टी’ किंवा ‘डिलिशस’.

सहावं वाक्य शुद्ध आहे, म्हणूनच जास्त धोक्याचं. ॲपची रेघ इथे येईलच असं नाही. शेव आणि जीरावण पडलंय पाहुण्यांच्या डोक्यावर, पोह्यांवर नाही! नामामागे येणारं वर्णन त्या नामाला खेटूनच हवं: ‘वुई सर्व्ह गेस्ट्स पोहा टॉप्ड विथ सेव्ह अँड जीरावण.’ ‘टु’ गेला, पाहुणे आधी आले, शेव जागेवर पडली. प्रत्येक ‘विथ’ आणि ‘टॉप्ड’च्या लगेच आधी कुठलं नाम आहे, त्यावर बोट ठेवून वाचा. अशा चुका तेवढ्याने सापडतात.

‘जीरावण’ परक्याला कळणार नाही. एकदा ‘अ टँगी स्पाइस मिक्स’ असं जोडा, पुढे नुसतं जीरावण.

रामबागवाला:
हे सोनं आहे. राजवाड्याचा परिच्छेद असा केला: ‘राजवाडा इज अ सेव्हन-स्टोरी पॅलेस, बिल्ट ऑफ स्टोन बिलो अँड वुड अबव्ह. यू एंटर थ्रू अ वुडन आयर्न-स्टडेड ओल्ड ह्यूज गेट. सराफा, अ ज्वेलरी मार्केट बाय डे अँड अ फूड स्ट्रीट बाय नाइट, इज अ फाइव्ह-मिनिट वॉक अवे.’ दरवाज्याचं वाक्य अजून खटकतंय.

नंदलालपुरा:
खटकणारच, क्रम उलटा लागलाय. इंग्रजीत आधी मत, मग आकार, वय, रंग, मूळ ठिकाण, शेवटी नामाला चिकटून वस्तू कशाची बनलीय ते. मराठीत ‘लाकडी जुना मोठा दरवाजा’ म्हटलं तरी कान ओरडत नाही, इंग्रजी कान ओरडतो. ‘अ ह्यूज ओल्ड वुडन गेट’ एवढी तीन पुढे ठेवा. खिळ्यांना शेपूट लावून मागे पाठवा: ‘अ ह्यूज ओल्ड वुडन गेट स्टडेड विथ आयर्न’. तीनपेक्षा जास्त विशेषणं नामापुढे उभी करायची वेळ आली तर एखादं बहुधा बिनकामाचंच असतं.

बाकी सराफ्याचं वाक्य हात लावू नये असं झालंय.

सियागंज_हायफन:
पत्रकाच्या तळाशी ‘कॉन्टॅक्ट द कन्सर्न्ड पर्सन’ छापणार असाल तर थांबा. नामाआधी ‘कन्सर्न्ड’ म्हणजे काळजीत पडलेला, नामानंतर म्हणजे संबंधित. ‘द पर्सन कन्सर्न्ड’ लिहा. त्याहून बरं, त्या माणसाचं नाव आणि फोन नंबरच द्या.